ब्लर आलेला फोटो सुधारायचाय? आधी बघा तो हललाय की फोकस चुकलाय

फोटो ब्लर आला की बरेच जण सरळ शार्पनचा स्लायडर शेवटपर्यंत ओढतात, मग केसांभोवती पांढऱ्या कडा येतात, आकाशात दाणे उठतात आणि फोटो होता त्याहून वाईट दिसतो. त्यापेक्षा आधी फोटो कॉम्प्युटरवर १००% झूम करून नीट बघा. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर काय, सगळेच फोटो छान दिसतात.

फोटोत एखादा लांबचा दिवा किंवा डोळ्यातला चमकणारा ठिपका शोधा. ठिपक्याची रेघ झाली असेल आणि सगळ्याच ठिपक्यांची एकाच दिशेला तशी झाली असेल तर तुमचा हात हललाय. ठिपका गोल चकतीसारखा पसरलाय आणि मागचं झाड मात्र एकदम क्लिअर आहे, म्हणजे फोकस झाडावर गेला. मागची भिंत शार्प पण पळणारं पोरगंच फिस्कटलंय तर शटर स्लो पडला. आणि अख्ख्या फोटोवर धुरकटपणा, दिव्यांभोवती वलयं असं असेल तर बहुतेक लेन्सवर बोटाचा डाग आहे, तिथे शार्पनचं काही काम नाही, कॉन्ट्रास्ट किंवा डिहेझ (धुरकटपणा कमी करणारा स्लायडर) वाढवून बघा.

आता सुधारायला बसा, पण कॉपीवर, ओरिजिनलला हात लावू नका. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न करता ठेवलेली मूळ फाइल) असेल तर तीच घ्या, कारण जेपेगमध्ये कॅमेऱ्याने स्वतःचं शार्पनिंग आधीच करून ठेवलेलं असतं आणि त्यावर तुम्ही अजून केलं की कडा लगेच बिघडतात. नॉइज म्हणजे दाणे आधी कमी करा, मग रंग, क्रॉप वगैरे, शार्पन सगळ्यात शेवटी.

फुकटात काम करायचं तर गिंप हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर आहे, त्यात फिल्टर्समध्ये एन्हान्स आणि तिथे अनशार्प मास्क. रेडियस, म्हणजे कडेच्या आजूबाजूला किती पिक्सेलपर्यंत परिणाम होतो ते, १ च्या आसपास ठेवा, फोकस थोडा जास्त चुकला असेल तर २, अमाउंट हळूहळू वाढवा आणि कडेला पांढरी रेघ दिसली की मागे या. थ्रेशोल्ड (किती फरक असलेल्या कडाच शार्प करायच्या ती मर्यादा) थोडा वाढवला की गालावरचे, आकाशातले दाणे शार्प होत नाहीत. हे फिल्टर गेलेले डिटेल्स परत आणत नाही हां, फक्त कडांचा कॉन्ट्रास्ट वाढवतं आणि आपल्या डोळ्याला शार्प वाटतं.

हललेल्या फोटोसाठी फोटोशॉपच्या स्मार्ट शार्पनमध्ये मोशन ब्लर निवडा आणि अँगल त्या रेघेच्या दिशेला जुळवा, रेघ लहान असेल तर बराच फरक पडतो. फोकस किंचित चुकलेल्या रॉ फाइलला रॉथेरपी या सॉफ्टवेअरमधलं आरएल डिकॉन्व्होल्युशन (ब्लर उलटा काढायचं गणित) लावून बघा, तेही फुकट. १९९० साली सोडलेल्या हबल दुर्बिणीचा आरसा चुकीचा घासला गेला होता, १९९३ मध्ये दुरुस्ती होईपर्यंत तिचे फोटो असल्याच गणितानं साफ करायचे. पण तिथे ब्लर नेमका कसा आहे ते माहीत होतं, आपल्याला तो अंदाजाने ठरवावा लागतो, त्यामुळे चमत्काराची अपेक्षा नको.

सगळ्यात जास्त उपयोगी पडणारी गोष्ट मात्र साधी आहे, फोटो लहान करा. ६००० पिक्सेल रुंदीच्या फोटोत ४ पिक्सेलचा ब्लर असेल तर १५०० पिक्सेलला तो जेमतेम १ पिक्सेल उरतो, मग हलकंसं शार्पन, आणि मोबाइलवर कोणाला कळणारही नाही. मोठी प्रिंट काढायची असेल तर अर्थात ही युक्ती चालत नाही.

पळणारं पोरगं फिस्कटलं असेल तर सोडून द्या. एआयवाले टूल चेहरा चकाचक करतात खरं पण पापण्या, दात मनानेच भरतात, आणि जवळच्या माणसाच्या फोटोत ते लगेच खटकतं.

पुढच्या वेळी शटर स्पीड (शटर किती वेळ उघडं राहतं ते) निदान फोकल लेंग्थच्या, म्हणजे लेन्सवर लिहिलेल्या एमएमच्या आकड्याइतका ठेवा, म्हणजे ५० एमएमला १/५० सेकंद आणि क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) असेल तर १/८०, खेळणाऱ्या मुलांना १/५०० तरी हवाच. स्टॅबिलायझेशन फक्त तुमचा हात सांभाळतं, समोरचा हलला तर त्याचा उपयोग शून्य. शटर एवढा फास्ट ठेवायला आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवावा लागला तर बिनधास्त वाढवा, दाणे नंतर बरेच कमी करता येतात. ट्रायपॉडवर असाल तर २ सेकंदांचा टायमर लावा, बटण दाबतानाच कॅमेरा हलतो.