रॉक कॉन्सर्टमधून लाइव्ह अल्बम: चोवीस ट्रॅकचं रेकॉर्डिंग कसं करायचं

मिक्सरमधून निघणारा दोन चॅनेलचा फीड रेकॉर्ड केला की झाला लाइव्ह अल्बम, ही समजूत आधी सोडून द्या. पाच-सहाशे खुर्च्यांच्या हॉलमध्ये ड्रम आणि गिटारचे अँप (अँप्लिफायर) स्टेजवरूनच एवढे ऐकू येतात की साउंड इंजिनियर ते मिक्सरवर खालीच ठेवतो. त्यामुळे फीडमध्ये गायक कानाशी येतो, ड्रम कुठेतरी लांब राहतात आणि प्रेक्षक तर नसतातच. अल्बमसाठी प्रत्येक माइक वेगळ्या ट्रॅकवर हवा आणि हॉलसाठी स्वतंत्र माइक हवेत.

पाच जणांच्या बँडला २४ ट्रॅक पुरतात. किकला (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमला) दोन, स्नेअरला (कडक ठोक्याच्या मधल्या ड्रमला) वरून एक आणि खालून एक, हाय-हॅटला (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांना) एक, टॉमना (बाकीच्या ड्रमना) तीन, ओव्हरहेड (डोक्यावरून अख्खा ड्रमसेट टिपणारे) दोन, असे ड्रमचेच दहा. बेसला डीआय (गिटारमधून थेट येणारा सिग्नल) आणि अँपचा माइक मिळून दोन, दोन गिटारना एकेक, कीबोर्डचे स्टिरिओ दोन, गळ्यांचे चार आणि प्रेक्षकांचे चार. ट्रॅक कमी पडत असतील तर हाय-हॅट आणि किकचा दुसरा माइक गाळा. प्रेक्षकांचे मात्र गाळू नका.

गिटारच्या कॅबला (स्पीकरच्या पेटीला) एसएम ५७ माइक जाळीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर लावा, स्पीकरच्या मधल्या टोपीच्या कडेशी. मध्यावर लावला तर आवाज टोचतो आणि फार बाहेर नेला तर गुदमरतो. स्नेअरच्या खालच्या माइकची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे दिशा) उलटी करायला विसरू नका, नाहीतर दोन्ही एकत्र वाजताना स्नेअरचं पोट जातं.

सिग्नल कुठून घ्यायचा

बेरिंजर एक्स ३२ सारखा डिजिटल मिक्सर असेल तर एका यूएसबी केबलवरून ३२ चॅनेल लॅपटॉपमध्ये जातात. फसगत होते ती राउटिंगमध्ये, म्हणजे कुठला सिग्नल कुठे पाठवायचा त्या मांडणीत. माइक स्टेजबॉक्सला (स्टेजवरच्या जोडणीच्या पेटीला) लावलेले असतात आणि मिक्सरच्या यूएसबी कार्डचं आउटपुट मिक्सरच्या मागच्या इनपुटवर ठेवलेलं असतं. हॉलमध्ये सगळं छान ऐकू येतं, लॅपटॉपवर मात्र शांतता रेकॉर्ड होत राहते. कार्ड आउटपुट स्टेजबॉक्सच्या पोर्टवर न्या आणि मिक्सर व सॉफ्टवेअर दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट आहे ना, ते बघा. मिक्सर अ‍ॅनालॉग असेल तर ट्रान्सफॉर्मरचा स्प्लिटर (एका माइकचा सिग्नल दोन ठिकाणी देणारी पेटी) भाड्याने घ्या. फँटम पॉवर (केबलमधूनच माइकला मिळणारी वीज) थेट जोडलेल्या एकाच बाजूने द्या.

सिग्नल इक्यू (खर्ज-तार कमीजास्त करणं) आणि कॉम्प्रेसर (जोराचा आवाज दाबणारा) यांच्या आधी उचला. हॉलच्या गरजेसाठी केलेलं इक्यू अल्बममध्ये अडकलं की काढता येत नाही. पण डिजिटल मिक्सरवर गेन (माइकचा सिग्नल आत येतानाच किती वाढवायचा ते) हॉलचा आणि रेकॉर्डिंगचा एकच असतो, म्हणून साउंड इंजिनियरशी आधीच ठरवा: साउंडचेकनंतर गेनला हात नाही, जे करायचं ते फेडरवर, म्हणजे पुढच्या सरकत्या बटणावर. गाण्याच्या मध्येच गेन वाढला तर ट्रॅकवर तिथे पायरी पडते आणि ती हाताने बुजवावी लागते.

साउंडचेकला सगळ्यात उंच टोक उणे १४ ते उणे १२ डीबीच्या आसपास येऊ द्या. समोर माणसं आली की ड्रमर आणि गायक हमखास पाच-सहा डीबी जोरात जातात. २४ बिटमध्ये थोडं खाली रेकॉर्ड झालं तर काही बिघडत नाही, पण वर फाटलेला आवाज शिवता येत नाही.

प्रेक्षकांचे माइक

अल्बम जिवंत वाटतो तो या चार माइकांमुळे. दोन कार्डिऑइड कंडेन्सर (मुख्यतः समोरूनच ऐकणारे, नाजूक आवाज टिपणारे माइक) स्टेजच्या दोन्ही कोपऱ्यांना, पाठ पीएच्या (हॉलसाठी लावलेल्या) स्पीकरकडे आणि तोंड लोकांकडे करून लावा. उंची अडीच-तीन मीटर ठेवा. खाली ठेवले तर पहिल्या रांगेत शिट्टी मारणारा एकच माणूस अख्ख्या अल्बमभर शिट्टी मारत राहतो. उरलेले दोन मागे मिक्सरच्या जागेजवळ उभे करा. ‘वन्स मोअर’चा एकत्र गजर, टाळ्यांचा ठेका, हॉलचा घुमारा हे सगळं त्या मागच्या जोडीत येतं.

मागच्या माइकांना आवाज उशिरा पोहोचतो, दर मीटरला सुमारे ३ मिलिसेकंद. माइक २५ मीटरवर असेल तर स्नेअर ७३ मिलिसेकंद मागे पडतो आणि मिक्समध्ये दुहेरी ठोका ऐकू येतो. म्हणून एखाद्या शांत जागी पडलेला स्नेअरचा एकटा ठोका शोधा, दोन्ही ट्रॅक मोठे करून बघा आणि मागची जोडी वेळेत तेवढी आधी सरकवा. सगळ्या प्रेक्षक-ट्रॅकना १५० हर्ट्झच्या खाली कापा, नाहीतर पीएचा बेस सगळीकडे चिखल करतो.

यंत्र आणि वीज

४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला एक ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी घेतो. २४ ट्रॅकचे ताशी साडेबारा जीबी होतात, दोन तासांचे पंचवीस. बाहेरच्या एसएसडीवर शंभर जीबी मोकळे ठेवा. सॉफ्टवेअरचा बफर (एका वेळी साठवून घेतलेला आवाज) १०२४ सॅम्पल ठेवा, कारण इथे लॅपटॉपमधून कोणी थेट ऐकत नाही. वाय-फाय, अपडेट, स्क्रीन बंद होणं, स्लीप हे सगळं बंद करा. लॅपटॉप यूपीएसवर ठेवा आणि लाइट मंद-तेज करणाऱ्या डिमरच्या फेजवरून वीज घेऊ नका. तिथून येणारी घरघर प्रत्येक ट्रॅकवर बसते.

वेगळ्या रेकॉर्डरवर दोन चॅनेलचा बॅकअप जरूर घ्या. दोन यंत्रांची घड्याळं मात्र तंतोतंत जुळत नाहीत. दहा लाखात वीसचा फरक असला तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांचं अंतर पडतं. बॅकअपचा तुकडा वापरायची वेळ आलीच तर गाण्यागणिक वेगळा जुळवा.

रेकॉर्ड बटण कार्यक्रमाच्या दहा मिनिटं आधी दाबा आणि शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत थांबवू नका. रिकामा होत जाणारा हॉल पुढे जोडकामाला लागतो. पहिल्या गाण्यात हेडफोनवर एकेक ट्रॅक सोलो (एकटा) करून ऐका. मीटर हलतोय एवढ्यावर विसंबू नका, शेजारच्या माइकचा आवाज येऊनही तो हलतो. द हू बँडने फेब्रुवारी १९७० मध्ये इंग्लंडमधल्या लीड्सला आणि दुसऱ्या दिवशी हलला रेकॉर्डिंग केलं. हलच्या टेपवर सुरुवातीच्या काही गाण्यांत बेस आलाच नव्हता, म्हणून अल्बम लीड्सचा निघाला.

जमत असेल तर दोन-तीन प्रयोग रेकॉर्ड करा. डीप पर्पल बँडचा जपानमधला अल्बम ऑगस्ट १९७२ च्या तीन रात्रींतून, ओसाकाच्या दोन आणि टोकियोच्या एका, निवडलेला आहे. माइकांच्या जागा तिन्ही रात्री त्याच ठेवा. स्टँडच्या पायांशी चिकटपट्टीच्या खुणा करा आणि फोटो काढून ठेवा. मोकळ्या मैदानात लाउडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, तेव्हा महत्त्वाची गाणी शेवटाला ठेवू नका.

हॉल सोडण्याआधी फाइल्स दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि दोन्ही डिस्क वेगवेगळ्या माणसांकडे द्या.

मिक्स आणि जोडकाम

लाइव्ह ट्रॅकमध्ये एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकात शिरलेला असतो. गायकाचा एखादा सूर उतरला आणि तुम्ही तो त्याच्या ट्रॅकवर दुरुस्त केलात, तरी जुना बेसूर ओव्हरहेड आणि प्रेक्षकांच्या माइकांत तसाच असतो. मग दुरुस्त सुराच्या मागे भूत गात असल्यासारखं ऐकू येतं. पाव सुराच्या आतली चूक तशीच ठेवा. त्याहून मोठी असेल तर ती ओळ दुसऱ्या रात्रीच्या रेकॉर्डिंगमधून सगळ्याच्या सगळ्या २४ ट्रॅकसह आणा. टेम्पो जुळत नसेल तर अख्खं गाणंच बदला.

टॉमच्या ट्रॅकवर गेट (आवाज ठराविक पातळीखाली गेला की आपोआप बंद करणारा) लावण्यापेक्षा ठोके नसतील तिथे हाताने १०-१५ डीबी खाली घ्या. गेट प्रत्येक झांजेला उघडझाप करतो. गायक गात नसेल तेव्हा त्याचा माइक ६ ते ८ डीबी खाली आणा, पण पूर्ण बंद करू नका, नाहीतर ड्रमचा रंग बदललेला लगेच कळतो.

प्रेक्षकांची पातळी गाणं चालू असताना जेमतेम जाणवेल एवढी असावी. शेवटचा कॉर्ड विरायला लागला की दोन सेकंदांत हळूहळू ४ ते ६ डीबी वर न्या. दोन रात्रींचा सांधा टाळ्यांमध्येच, तीन ते पाच सेकंदांच्या क्रॉसफेडने (एक आवाज विरत असताना दुसरा वर आणून) करा. सांध्याच्या दोन्ही बाजूंना एखादी ओळखू येणारी शिट्टी किंवा हाक येऊ देऊ नका. तीच आरोळी दोनदा ऐकू आली की ऐकणारा सावध होतो.

गाणी वेगळी कापताना मध्ये शांतता सोडू नका. कट झिरो क्रॉसिंगवर (आवाजाची लाट शून्यरेषा ओलांडते तिथे) करा आणि पुढची फाइल नेमकी तिथूनच सुरू करा. सीडीसाठी कापत असाल तर लांबी ५८८ सॅम्पलच्या पटीत ठेवा, सीडीची एक फ्रेम तेवढीच असते. तसं न केल्यास प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला टिचकीसारखा आवाज येतो. शेवटी सगळा अल्बम फोनवर, हेडफोन लावून, एका दमात ऐका आणि टाळ्या कुठे तुटतात ते टिपून ठेवा.