केबल आणायला तपकीर गल्लीत जाण्याआधी

स्टीरिओ टोचतो, गाण्यातला प्रत्येक ‘स’ कानात सुईसारखा शिरतो, म्हणून केबल बदलायचं ठरवलं असेल तर पुण्याच्या बुधवार पेठेतली ही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची गल्ली गाठण्याआधी एक संध्याकाळ घरीच काढा. आधी टोचतंय कुठून ते बघा. तंबोरा भरून वाजतोय असं एखादं ख्यालाचं ध्वनिमुद्रण लावा. जवारीची झणझण कुठं संपते आणि कर्कशपणा कुठं सुरू होतो, ते त्यात लगेच कळतं. मग फोन, सीडी आणि रेकॉर्ड प्लेअर असं आलटून पालटून ऐका. सगळीकडे सारखंच टोचत असेल तर गोम खोलीत किंवा स्पीकरमध्ये आहे. फक्त रेकॉर्डच टोचत असतील तर मात्र केबलवर संशय घ्यायला जागा आहे.

हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागे पत्र्यासारखी झणक रेंगाळली तर फरशी, उघड्या भिंती आणि सरकत्या काचा बोलतायत. घरातल्या गोधड्या बाहेर काढा. तुम्ही नेहमीच्या खुर्चीत बसा आणि कुणाला तरी बाजूच्या भिंतीला लावून आरसा सरकवत न्यायला सांगा. आरशात ट्वीटर, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर, दिसला की त्या जागी गोधडी टांगा, दुसरी स्पीकरपुढच्या फरशीवर अंथरा. घरचे हसतील, हसू देत. स्पीकरचं तोंड थेट तुमच्या कानावर रोखलेलं असेल तर जरा बाहेर वळवा. ॲम्प्लिफायरला ट्रेबलचं, म्हणजे उंच सुरांचं, बटण असेल तर तेही थोडं डावीकडे नेऊन बघा. या बटणाला हात लावणं काही शौकिनांना पाप वाटतं. मला नाही वाटत.

दीड व्होल्टचा एक सेलही हाताशी ठेवा. एका स्पीकरचं लाल-काळं उलट लागलं असेल तर दोन्ही स्पीकर एकमेकांचा खर्ज खातात, आणि खर्ज गेला की उरलेलं सगळं टोचायला लागतं. माझ्याकडे दोन महिने तसंच चाललं होतं, आणि त्या दोन महिन्यांत मी दोनदा केबल बदलली! ॲम्प्लिफायर बंद करा, केबलची त्याच्याकडची टोकं सोडवा आणि त्यांना सेल क्षणभर टेकवा, लाल तारेला सेलचं धन टोक. ‘टप्’ असा आवाज होऊन वूफरचा, म्हणजे खर्जाच्या मोठ्या स्पीकरचा, कागद बाहेर यायला हवा. एकाचा बाहेर आणि दुसऱ्याचा आत गेला, तर चोर सापडला.

आता स्पीकरच्या तारेचा हिशोब. अंतर सुतळीनं मोजा, कोपरे-वळणं धरून. ३ मीटर अंतराला २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घेतली तर जाऊन-येऊन रोध सुमारे ०.०४ ओहम भरतो. ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो अर्धा टक्का. एवढ्यानं ट्रेबल ना वाढतो ना उतरतो. ‘चांदी टोचते, तांबं गोड’ हे दुकानात हमखास ऐकायला मिळेल. चांदी तांब्यापेक्षा वीज वाहण्यात जेमतेम सहा टक्के सरस. किंचित जाड तांबं घेतलं की हिशोब फिटला.

सीडी प्लेअरपासून ॲम्प्लिफायरपर्यंतच्या केबलचंही तेच. मध्ये १०० किलोओहमचा नुसता, वीज न लागणारा व्हॉल्यूम कंट्रोल असेल तर गोष्ट वेगळी. तिथं ३०० पिकोफॅरड कपॅसिटन्सची (वीज साठवण्याच्या क्षमतेची) केबल १० हजार हर्ट्झपाशी जवळजवळ १ डेसिबल कापू शकते. पण असा जोड फार थोड्या घरांत असतो.

रेकॉर्ड प्लेअर मात्र नीट तपासा, कारण केबल खरोखर बोलते ती इथं. मूव्हिंग मॅग्नेट जातीच्या कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या छोट्या भागाला, ठरावीक कपॅसिटन्स लागतो. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ई ला १०० ते २०० पिकोफॅरड, तोही टोनआर्मची (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याची) तार, केबल आणि फोनो इनपुट (ॲम्प्लिफायरची रेकॉर्ड प्लेअर जोडायची जागा) मिळून. तोच ४०० वर गेला की १५ हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाजातला उंचवटा ११ हजारांच्याही खाली सरकतो, आणि झांजा, ‘स’, ‘श’ सगळे अंगावर येतात. म्हणून कार्ट्रिजच्या कागदावरचा आकडा लिहून घ्या, टोनआर्मच्या तारेचा आणि फोनो इनपुटचा त्यातून वजा करा, आणि उरलेल्यात बसेल अशी आखूड, कमी कपॅसिटन्सची केबल मागा. दुकानदाराला आकडा सांगता आला नाही तर कपॅसिटन्स मोजणारा मीटर बरोबर असू द्या. केबलच्या एकाच टोकाच्या मधल्या पिनला आणि बाहेरच्या कड्याला मीटरच्या दोन तारा लावायच्या, केबलचं दुसरं टोक मोकळं ठेवायचं.

स्पीकरची तार घेताना गुंडाळीचं टोक कापायला लावा आणि कापलेल्या तोंडाशी बघा. वरून तांबूस आणि आत पांढरट असेल तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, ठेवून द्या. वरून पांढरी पण आत तांबूस असेल तर कल्हई केलेलं तांबं, चालेल. अंतर प्रत्येकी ३ मीटर असेल तर दोन स्पीकरना मिळून सात मीटर घ्या, एक मीटर जास्तीचा असू द्या. काचेच्या कपाटातल्या जाडजूड केबलही दाखवतील. बघायला काय, बघा.