सात जणांची गाडी रिकामी चालवून निवडू नका: मुलांसह कोकणात जाण्याआधी या चुका टाळा

शोरूमची टेस्ट ड्राइव्ह म्हणजे पुढे दोन माणसं, सपाट रस्ता आणि रिकामी डिकी. तीच गाडी मे महिन्यात किंवा गणपतीला सात माणसं आणि सामान घेऊन महाड सोडून पुढच्या चढाला लागली की तिचे ब्रेक, एसी, सस्पेन्शन सगळंच वेगळं वागतं. म्हणून गाडी भरूनच पाहायची. डीलर तयार नसेल तर तेच मॉडेल एक दिवस भाड्याने घ्या. चाचणीला रत्नागिरीकरांना आंबा घाट किंवा गणपतीपुळे–आरेवारेचा चढउतार आहे, चिपळूणकरांना कुंभार्ली, सावंतवाडीकरांना आंबोली. पुण्याहून येणाऱ्यांना ताम्हिणी पुरे.

वजनाचा हिशेब न करणं

गाडीचं एकूण कमाल वजन मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा केलं की माणसं आणि सामान मिळून किती किलो चालेल ते कळतं. समजा उत्तर ५५० किलो आलं. ६५ किलोची पाच मोठी माणसं ३२५, २५ किलोची दोन मुलं ५०, सामान ७०, म्हणजे जातानाच ४४५ झाले. येताना हापूसच्या पाच डझनी दोन पेट्या, २५ किलो तांदूळ, वीस सोललेले नारळ आणि आजीने दिलेला फणस चढला की ५२० पार होतात. सीएनजी मॉडेल असेल तर सिलिंडरचं वजन गाडीतच धरलेलं असतं, त्यामुळे उरणारा आकडा आणखी लहान होतो.

भरलेली गाडी मागून बसते. आधी रिकाम्या गाडीचं मागचं चाक आणि त्यावरची कमान यांतलं अंतर टेपने मोजून ठेवा, मग सगळ्यांना बसवून पुन्हा मोजा. त्यानंतर हळू वेगात एक स्पीडब्रेकर घ्या. मागून ‘धप्प’ असा आवाज आला तर सस्पेन्शनची हालचाल संपून रबरी स्टॉपवर आदळते आहे. आतल्या वाडीच्या खड्डेमय रस्त्यावर ती गाडी तळाला घासणार हे नक्की.

टायरमधल्या हवेचंही तसंच. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर बहुधा दोन आकडे असतात, कमी माणसांसाठी आणि पूर्ण भारासाठी. पूर्ण भाराचा आकडा टायर थंड असताना भरायचा. कायद्याने १.६ मिलिमीटर नक्षी पुरते, पण कोकणच्या पावसात ३ मिलिमीटरच्या खाली गेलेल्या टायरवर मुलं घेऊन निघू नका. टायरच्या बाजूवरचे चार आकडेही वाचा. २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३ वा आठवडा.

एक छोटं चाक बहुतेकांना ठाऊकच नसतं: हेडलाइट वर-खाली करायचं. मागे भार आला की पुढचं नाक उचलतं आणि प्रकाश समोरच्याच्या डोळ्यांत जातो. एकटा ड्रायव्हर असेल तर शून्य, गाडी भरली की मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्यावर. राजापूर–लांजा पट्ट्यात रात्री समोरचा वारंवार अप्पर-डिपर देत असेल तर आधी हे चाक बघा.

तिसरी रांग आणि डिकी वेगवेगळी मोजणं

एर्टिगाची तिसरी रांग उभी असताना डिकी २०९ लिटरची राहते. मध्यम आकाराची सुटकेस साधारण ६५ लिटरची असते. मग सामान मुलांच्या डोक्यामागे काचेपर्यंत रचलं जातं, आणि जोराचा ब्रेक लागला की तेच त्यांच्या मानेवर येतं. सामान सीटच्या पाठीपेक्षा वर जाऊ देऊ नका आणि जड पिशव्या तळाला ठेवा. टपावर कॅरिअर लावायचा तर छताची मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा. ती अनेकदा ५० ते ७५ किलोच असते आणि कॅरिअरचं स्वतःचं वजन त्यातच धरायचं. टपावरचा भार वळणावर गाडी जास्त झुकवतो.

चाइल्ड सीट लावून न बघणं

ही सर्वांत महागात पडणारी चूक. १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर मोटार वाहन कायद्यात १,००० रुपये दंड आहे, पण खरा प्रश्न दंडाचा नाही. धडक बसली तर मांडीवरचं मूल कितीही घट्ट धरलं तरी हातात राहत नाही.

आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट थेट गाडीला अडकवायचे हुक बहुतेक गाड्यांत मधल्या रांगेच्या दोन कडांनाच असतात. डावीकडे सीट लावली की ती बाजू दुमडत नाही आणि तिसऱ्या रांगेतले आजी-आजोबा अडकतात. म्हणून चाइल्ड सीट ड्रायव्हरच्या मागे लावा, डावी बाजू चढण्या-उतरण्यासाठी मोकळी ठेवा. गाडी घेण्याआधी स्वतःची सीट सोबत नेऊन लावून बघा. बसवल्यावर बेल्ट जिथून जातो तिथे धरून हलवा. अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली तर नीट बसलेली नाही. मागे तोंड असलेली सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीच नको. थोड्या मोठ्या मुलाला उंच बसवणाऱ्या बूस्टर सीटला खांद्यावरून येणारा बेल्ट लागतो, नुसता कमरेचा चालत नाही.

भारत एनकॅप या धडक-चाचणीचे तारे बघताना मुलांचे गुण वेगळे वाचा. ते ४९ पैकी असतात, मोठ्यांचे ३२ पैकी.

ओकारीचा दोष फक्त मुलाला देणं

डोळ्यांना गाडीचा स्थिर आतला भाग दिसतो आणि कानातलं संतुलन सांगतं की आपण वळतोय. या गोंधळातून मळमळ होते. मोबाइलवर कार्टून लावलं की ती वाढते. म्हणून गाडी बघताना मुलाला त्याच्या सीटवर बसवा आणि त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून बघा. समोरचा रस्ता दिसतो का, की खिडकीचा काठ डोळ्यांच्या वर येतो? तिसरी रांग मागच्या चाकांच्या वर किंवा मागे असल्याने तिथे हेलकावे जास्त बसतात. ज्याला गाडी लागते त्याला तिथे बसवू नका. घाटाआधी वडापाव आणि दूध टाळा, इडली किंवा मऊभात थोडा द्या. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारूनच. सीटवर पडलंच तर पुसून खायचा सोडा भुरभुरवा, सुकल्यावर झटका.

काच धुकटली की नुसता एसी वाढवणं

आधी आतून बोट फिरवा. बोटाला ओल लागली तर वाफ आतली: सात जणांच्या श्वासाची. एसी चालू ठेवा, हवा आतल्या आत फिरवणारं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या, झोत काचेवर सोडा. बोट कोरडं राहिलं आणि वायपर फिरवल्यावर काच साफ झाली तर ओल बाहेरची. किनाऱ्यावरच्या दमट संध्याकाळी गार काचेवर ती धरते. अशा वेळी एसी आणखी गार केला तर त्रास वाढतो. तापमान २५–२६ वर आणा आणि झोत काचेवरून हटवा. नवी गाडी बघताना सगळ्या सीट भरून, दुपारच्या उन्हात, तिसऱ्या रांगेत बसूनच एसी तपासा.

घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहणं

ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच किंवा त्याखालच्या गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडी डी-मध्ये वरचा गिअर घेत राहते, म्हणून एल (खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड वापरा. एएमटी (क्लच आपोआप दाबला जाणारी) गाडी चढावर अ‍ॅक्सिलरेटरने रोखून धरली की क्लच जळतो, तिथे हॅण्डब्रेक लावा.

ब्रेक जळल्यासारखा वास आला तर थांबा आणि पेडल काय सांगतंय ते ओळखा. पेडल मऊ पडून खाली जात असेल तर ब्रेक ऑइल उकळलं आहे. ते ओल शोषतं, म्हणून दोन वर्षांनी बदलायचं. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापले आहेत. दोन्ही वेळी अर्धा तास सावलीत थांबा, पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. ब्रेकच्या तापलेल्या चकतीवर (डिस्कवर) पाणी ओतू नका, ती वाकते. ऑइल उकळलं असेल तर गार झाल्यावर पेडल परत कडक वाटलं तरी त्यावर विसंबू नका, पुढच्या गॅरेजपर्यंत हळू जाऊन ऑइल बदला.

जेट्टी आणि वाळू

दाभोळ–धोपावे किंवा जयगड–तवसाळ फेरीबोटीत चढताना रॅम्पचा उतार भरती-ओहोटीनुसार बदलतो. भरलेल्या गाडीचं मागचं बंपर तिथेच घासतं. मुलांसह सगळ्यांना उतरवा, मग गाडी सरळ आणि हळू चढवा. किनाऱ्यावरच्या वाळूत गाडी घालू नका: चाकं रुततात, भरती थांबत नाही, आणि खारं पाणी ब्रेकमध्ये आणि तळाला राहतं. घरी परतल्यावर वरून धुण्याआधी रॅम्पवर चढवून तळ आणि चाकांच्या कमानी गोड्या पाण्याने धुऊन घ्या.