वॉरंटीतला ट्रॅक्टर वर्कशॉपमध्ये अडकून पडल्यास काय करावे

ट्रॅक्टर बंद पडला आहे, वॉरंटी शिल्लक आहे, वर्कशॉपने तो आत घेऊन पंधरा दिवस झाले आहेत आणि फोन केला की "दोन दिवसांत होईल" एवढेच उत्तर मिळते. अशा वेळी माणूस फोरमनवर चिडतो आणि ते स्वाभाविक आहे, कारण वाफसा कोणासाठी थांबत नाही. तरीही "ट्रॅक्टर कधी मिळेल?" हा प्रश्न दहा वेळा विचारण्यापेक्षा "काम सध्या कोणत्या टप्प्यावर थांबले आहे?" हा प्रश्न एकदा लेखी विचारावा, असे मी अनुभवाने सांगतो. पहिल्या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देता येते. दुसऱ्याचे उत्तर देण्यासाठी कोणाला तरी फाइल उघडून पाहावी लागते.

वॉरंटीचे काम रोखीच्या कामापेक्षा वेगळ्या वाटेने जाते. रोखीच्या कामात मालक हो म्हणाला की मेकॅनिक पाना हातात घेतो. वॉरंटीत खर्च कंपनी उचलणार असते, त्यामुळे आधी मेकॅनिकने दोष शोधायचा, मग वर्कशॉपने फोटो, मीटरवरील तास आणि दोषाचे कारण जोडून कंपनीकडे क्लेम पाठवायचा, कंपनीच्या सर्व्हिस इंजिनिअरने तो तपासून मंजूर करायचा, त्यानंतर पार्ट मागवायचा आणि तो आल्यावर मेकॅनिकने बसवायचा, असा क्रम असतो. तपासणी, मंजुरी, पार्ट आणि मजूर अशा चार जागी काम अडू शकते आणि प्रत्येक जागेचा उपाय निराळा आहे. शिवाय वॉरंटीच्या कामाची मजुरी कंपनी डीलरला ठरावीक तासांच्या हिशोबाने देते आणि ती रोखीच्या गिऱ्हाइकाकडून मिळणाऱ्या मजुरीपेक्षा बऱ्याचदा कमी पडते. त्यामुळे ऐन हंगामात, वर्कशॉपमध्ये गर्दी असताना, मागे सरकतो तो वॉरंटीचाच ट्रॅक्टर.

माझ्या ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्समधून 386 तासांवर घरघर येऊ लागली तेव्हा मला हे काहीच ठाऊक नव्हते. तेहतीस दिवस मी "पार्ट आलेला नाही" हे उत्तर ऐकले आणि त्यावर विश्वास ठेवला. चौतिसाव्या दिवशी मी प्रत्यक्ष जाऊन पार्टच्या ऑर्डरचा नंबर आणि तारीख मागितली. फोरमनने फाइल काढली, तेव्हा जॉब कार्डाला, म्हणजे ट्रॅक्टर जमा करताना वर्कशॉप भरते त्या तक्रारीच्या कागदाला, टाचलेल्या क्लेमच्या कागदावर अवर मीटरच्या फोटोची जागा कोरी दिसली. पहिल्याच दिवशी बॅटरी काढून ठेवल्यामुळे डिजिटल मीटर उजळत नव्हते, म्हणून फोटो काढायचा राहिला होता, फोटो नाही म्हणून क्लेम पुढे गेला नव्हता आणि क्लेम गेला नाही म्हणून पार्टची ऑर्डरच निघालेली नव्हती. बॅटरी जोडून तो फोटो काढायला दहा मिनिटे लागली. मला मुद्दाम फसवले जात होते असे आजही वाटत नाही. काउंटरवरच्या माणसाला खरोखरच वाटत होते की सगळे पार्टची वाट पाहत आहेत.

बिघाड झाल्याच्या दिवशी

बिघाड जाणवताच ट्रॅक्टर थांबवावा. ऑइल प्रेशरचा दिवा लागलेला असताना किंवा इंजिन तापलेले असताना "एवढे वावर उरकून घेऊ" म्हणून चालवलेला अर्धा तास पुढे फार महागात पडतो, कारण मूळ दोष कंपनीचा असला तरी त्यानंतर झालेले नुकसान चालवणाऱ्याच्या माथी मारणे सोपे जाते. ट्रॅक्टर जागेवरच असताना मोबाइलवर फोटो आणि छोटे व्हिडिओ घ्यावेत: मीटरवरील तास, पेटलेले दिवे, स्क्रीनवर आलेला एरर कोड, गळती असेल ती जागा, आणि आवाज असेल तर तो आवाज. हा व्हिडिओ विशेष महत्त्वाचा, कारण कधी कधी वर्कशॉपमध्ये थंड इंजिनावर तो आवाज येतच नाही आणि जॉब कार्डावर "दोष आढळला नाही" असा शेरा पडतो.

त्या दिवशी कोणताही भाग स्वतः उघडू नये आणि ओळखीच्या मेकॅनिकलाही उघडू देऊ नये. डिझेल पंपाचे सील तुटलेले दिसले की पंपाचा दावा बहुधा तिथेच संपतो. ओळखीच्या मेकॅनिकला बाहेरून पाहायला सांगण्यात अडचण नाही. गिअर ऑइल किंवा इंजिन ऑइल दुधासारखे पांढरट झाले असेल तर आत पाणी गेले आहे, एवढे निदान डिपस्टिक काढूनही होते आणि त्याचा फोटो घेता येतो.

मग सर्व्हिस बुक काढून दोन गोष्टी पाहाव्यात. वॉरंटी महिन्यांत आणि तासांत अशी दुहेरी दिलेली असते आणि जी मर्यादा आधी पूर्ण होईल ती लागू होते. तास जवळ आले असतील तर तक्रारीची तारीख आणि त्या वेळचे तास कागदावर येणे फार निकडीचे ठरते, कारण वॉरंटीच्या आत नोंदवलेली तक्रार दुरुस्ती लांबली म्हणून वॉरंटीबाहेर जाऊ नये, हा युक्तिवाद त्या नोंदीवरच उभा राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे वगळलेले भाग. फिल्टर, बेल्ट, ब्रेक लायनर यांसारखे झिजणारे भाग सहसा वॉरंटीत येत नाहीत. क्लच प्लेटबाबत वाद होतात, कारण ती झिजून गेली की सदोष होती हे उघडल्याशिवाय ठरत नाही. टायर आणि बॅटरीची वॉरंटी बहुधा त्यांचे उत्पादक स्वतंत्रपणे देतात आणि काही ट्रॅक्टरांत डिझेल पंप, स्टार्टर, अल्टरनेटर यांचेही तसेच असते. असा भाग त्याच उत्पादकाच्या अधिकृत केंद्रात तपासणीला जातो, म्हणजे वाटेत आणखी एक मुक्काम वाढतो. ट्रॅक्टर नेमका कुठे अडकला हे शोधताना हा मुक्काम अनेकांच्या लक्षातच येत नाही.

जॉब कार्ड

सगळ्या कागदांत जॉब कार्ड सर्वांत मोलाचे, म्हणून त्यावर काय लिहिले जाते याकडे बारकाईने पाहावे. "लिफ्ट तपासणे" असे मोघम लिहिलेले मान्य करू नये. "रोटाव्हेटर उचलल्यावर लिफ्ट झटके देते, ऑइल गरम झाल्यावर उचलतच नाही, थंड असताना उचलते" अशी लक्षणे आपल्या शब्दांत लिहून घ्यावीत. कारण लिहिण्याचा मोह टाळावा. "हायड्रॉलिक पंप खराब" असे आपण लिहून घेतले आणि दोष कंट्रोल व्हॉल्व्हमध्ये निघाला, तर तेवढ्यावरूनही क्लेम परत येऊ शकतो. कार्डावर तारीख, तास, चासी नंबर, इंजिन नंबर आणि "वॉरंटी" हा शब्द असावा. ट्रॅक्टरसोबत दिलेले सामान, म्हणजे टूल किट, टॉप लिंक, हुक, टाकीतील डिझेलची पातळी, हेही नोंदवून घ्यावे आणि सही केलेल्या कार्डाची प्रत हातात आल्याशिवाय तिथून निघू नये. प्रत द्यायला टाळाटाळ झाली तर पूर्ण कार्डाचा फोटो काढून त्याच दिवशी डीलरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर "आज ट्रॅक्टर आपल्याकडे जमा केला, जॉब कार्डाचा फोटो सोबत जोडला आहे" एवढे पाठवावे.

काम कुठे अडले ते शोधणे

चार-पाच दिवस वाट पाहून प्रत्यक्ष भेट द्यावी, शक्यतो सकाळी, कामांची वाटणी होत असताना. तपासणीच झालेली नसेल तर तपासणीची तारीख आणि मेकॅनिकचे नाव मागावे. तपासणी झाली असेल तर क्लेम नंबर आणि तो पाठवल्याची तारीख मागावी. क्लेम नंबर सांगता येत नसेल तर क्लेम गेलेला नाही असे धरून चालावे. मंजुरी अडली असेल तर कंपनीने कोणती माहिती मागितली आहे ते विचारावे, कारण पुष्कळदा एखादा फोटो, सर्व्हिसची पावती किंवा विक्रीच्या तारखेचा पुरावा एवढ्यासाठीच क्लेम पडून असतो आणि तो कागद आपल्या कपाटातच असतो. पार्ट अडला असेल तर पार्ट नंबर, ऑर्डर नंबर आणि अपेक्षित तारीख लिहून घ्यावी. पार्ट नंबर हाती आला की इतर डीलरांना फोन करून तो कोणाकडे शिल्लक आहे का ते विचारता येते. तो सापडल्यास आपला डीलर त्यांच्याकडून मागवू शकतो. तो पार्ट आपण स्वतःच्या पैशाने विकत आणून बसवण्यापूर्वी मात्र रक्कम परत मिळेल असे लेखी घ्यावे, नाहीतर ती दुरुस्ती वॉरंटीची न राहता रोखीची होते.

क्लेम नाकारला असे तोंडी सांगितले गेले तर नकाराचे कारण लेखी मागावे. नेहमीची कारणे ठरलेली असतात: सर्व्हिस वेळेवर झाली नाही, सांगितलेल्या दर्जाचे ऑइल वापरले नाही, मीटर बंद होते, एअर क्लीनरकडे दुर्लक्ष झाल्याने इंजिनात धूळ गेली. यांतील शेवटच्या कारणाची शहानिशा करता येते, कारण वापरलेल्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासला असता त्यात सिलिकॉनचे प्रमाण वाढलेले असेल तर धूळ आत गेल्याचा तो मोठा संकेत असतो. म्हणून इंजिन उघडण्यापूर्वी, दोघांच्या समक्ष, स्वच्छ बाटलीत ऑइलचा नमुना घेऊन सील करून ठेवण्याची मागणी जरूर करावी. निष्कर्ष आपल्याविरुद्ध जाण्याचा धोका आहे. तरीही सर्व्हिस वेळेवर केलेल्या माणसाला त्याची भीती बाळगण्याचे कारण नाही. एखादी सर्व्हिस खरोखर चुकली असेल तर ते लपवू नये, पण चुकलेली सर्व्हिस आणि झालेला बिघाड यांचा संबंध काय, हे मात्र विचारावे. ऑइल बदलायला उशीर झाला म्हणून स्टीअरिंगच्या सिलिंडरचे सील फुटत नाही.

वर तक्रार नेताना

ठरलेली तारीख दोनदा उलटली की डीलरच्या मालकाला आणि त्याच वेळी कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाला पत्र द्यावे. पत्रात राग नसावा, तारखा असाव्यात. साधारण असे:

"माझा ट्रॅक्टर, चासी नंबर अमुक, दिनांक अमुक रोजी 386 तासांवर गिअरबॉक्समधील आवाजाच्या तक्रारीसाठी आपल्याकडे जमा केला आहे. जॉब कार्ड नंबर अमुक. दिनांक अमुक आणि अमुक या दोन तारखा मला देण्यात आल्या होत्या. त्या उलटून गेल्या आहेत. कृपया क्लेम नंबर, मंजुरीची स्थिती, पार्टच्या ऑर्डरची तारीख आणि दुरुस्ती पूर्ण होण्याची तारीख सात दिवसांत लेखी कळवावी. तोपर्यंत पर्यायी ट्रॅक्टर उपलब्ध करून द्यावा आणि ट्रॅक्टर बंद राहिलेल्या दिवसांइतकी वॉरंटी वाढवून द्यावी."

शेवटच्या दोन मागण्या हक्क म्हणून मिळतीलच असे नाही, परंतु मागितल्याशिवाय त्या कोणी देत नाही आणि त्यांपैकी वॉरंटी वाढवून देणे कंपनीला तुलनेने सोपे जाते. कंपनीकडून मिळालेला तक्रार नंबर पुढच्या प्रत्येक पत्रावर घालावा. एवढ्यानेही हालचाल झाली नाही तर आपल्याकडील ग्राहक संरक्षणाच्या कायद्यानुसार तक्रार करण्याचा मार्ग राहतो आणि तिथे हीच फाइल कामी येते. तक्रारीची मुदत ठरलेली असते, त्यामुळे आश्वासनांवर महिनोन् महिने घालवू नयेत.

नुकसानीची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी: कोणत्या दिवशी कोणते काम खोळंबले, भाड्याचा ट्रॅक्टर किती तास घेतला, किती पैसे दिले. प्रत्येक भाड्याची सही असलेली पावती घ्यावी. वॉरंटीच्या अटींमध्ये अशी अप्रत्यक्ष नुकसानी बहुधा वगळलेली असते. तरीही तडजोडीच्या वेळी किंवा कायदेशीर तक्रारीत पावत्यांशिवाय त्यावर चर्चासुद्धा होत नाही. ट्रॅक्टर कर्जावर असेल तर रागाच्या भरात हप्ता थांबवू नये. कर्जाचा करार सावकार संस्थेशी आहे, दुरुस्तीचा वाद डीलर आणि कंपनीशी, आणि हप्ता थकला तर नुकसान फक्त आपलेच होते.

ट्रॅक्टर पडून आहे तिथे अधूनमधून नजर टाकावी. उघडलेल्या इंजिनाची किंवा गिअरबॉक्सची तोंडे स्वच्छ कापडाने किंवा प्लॅस्टिकने झाकलेली आहेत ना, बॅटरी सोडवून ठेवली आहे ना आणि ट्रॅक्टर उघड्यावर पावसात नाही ना, हे पाहून तारखेसह फोटो घ्यावा.

ताबा घेताना

फोन आला म्हणून घाईने सही करू नये. काढलेले जुने भाग दाखवायला सांगावे. वॉरंटीत ते कंपनीकडे परत जात असल्याने घरी नेता येत नाहीत, पण पाहता येतात आणि त्यांचा फोटो घेता येतो. जॉब कार्डावर कोणता पार्ट बदलला, कोणते ऑइल किती भरले आणि वॉरंटीत केलेल्या कामाची आकारणी शून्य आहे, हे वाचून घ्यावे. त्यानंतर ट्रॅक्टर तापेपर्यंत चालवावा आणि मूळ तक्रार ज्या परिस्थितीत येत होती तीच परिस्थिती निर्माण करावी. गिअरबॉक्सचे काम असेल तर ट्रॉली जोडून सर्व गिअर घालून पाहावेत, पीटीओचे, म्हणजे अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टचे, असेल तर अवजार जोडून मिनिटाला 540 फेऱ्यांवर चालवावे, लिफ्टचे असेल तर जड अवजार उचलून इंजिन बंद करून ते किती वेगाने खाली बसते ते पाहावे. शंका उरली तर समाधान झाल्याच्या रकान्यात सही न करता "चाचणीत आवाज कमी झाला आहे, पूर्ण गेलेला नाही" असे स्वतःच्या हाताने लिहून मगच सही करावी.

बदललेल्या भागाला स्वतंत्र वॉरंटी आहे की मूळ वॉरंटीची उरलेली मुदतच लागू होते, हे तेव्हाच विचारून कार्डावर लिहून घ्यावे. पुढील वीस-पंचवीस तास ट्रॅक्टरवर बारीक लक्ष ठेवावे, जोडांपाशी ऑइल झिरपते का ते रोज सकाळी जमिनीवर पाहावे, आणि तीच तक्रार पुन्हा दिसली तर त्याच दिवशी नवे जॉब कार्ड उघडून त्यावर जुन्या कार्डाचा नंबर लिहून घ्यावा.