नदीकाठच्या क्षारपड रानाची माती आणि पाणी कसे तपासावे

कृष्णा-पंचगंगेच्या काठची शिरोळ, मिरज, वाळवा भागातली काळी राने बिघडली की सगळा दोष पुराला दिला जातो. 2005, 2019 आणि 2021 च्या पुरांनी नुकसान केले हे खरेच. पण पूर ओसरतो, आणि उसाला बारमाही पाटाने दिलेले पाणी मात्र निचऱ्याला वाट नसल्यामुळे जमिनीतच साठते, भूजल वर चढते आणि पाण्याची वाफ झाल्यावर त्यातले क्षार पृष्ठभागावर उरतात. शिवाय युरियातला नत्र पाण्याबरोबर झिरपून नायट्रेटच्या रूपाने विहिरीत, ओढ्यात आणि तिथून नदीत जातो. यातले आपल्या रानात किती घडले आहे, हे तपासणीवाचून कळत नाही.

गिरमिट (माती पोखरून बाहेर काढायचे अवजार), प्लॅस्टिकची घमेली, कापडी पिशव्या आणि स्वच्छ बाटल्या जवळ ठेवाव्यात. ऊस तुटल्यावर, नवी लागण आणि खते पडण्यापूर्वी, शक्यतो एप्रिल-मे महिन्यात नमुने घ्यावेत. पूर ओसरल्यावर लगेच घेतलेला नमुना फसवा असतो, कारण वरच्या थरातले क्षार तेव्हा धुऊन खाली गेलेले असतात आणि अहवालात जमीन निरोगी दिसते.

आता खऱ्या अडचणीचा टप्पा, म्हणजे नमुना किती खोलीचा घ्यायचा. इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा करून माती घ्यावी, हा सल्ला सगळीकडे डोळे झाकून दिला जातो. खतांची मात्रा ठरवण्यापुरता तो ठीक आहे. क्षारपड रानात तो निरुपयोगी आहे. इथे 0 ते 30, 30 ते 60 आणि 60 ते 90 सेंटिमीटर असे तीन थर वेगळे काढावे लागतात. क्षार वरच्या थरात जास्त आणि खाली कमी असतील, तर ते भूजलातून वर ओढले जात आहेत असे समजावे. खाली जास्त असतील, तर ते धुऊन खाली उतरत आहेत. तिन्ही थरांची माती एका घमेल्यात कालवणाऱ्याने तपासणीची फी वाया घालवली असे मी स्पष्ट म्हणेन. पहारीने खड्डा खणताना वरची माती खाली ढासळते आणि थरांची सरमिसळ होते. म्हणून गिरमिटच वापरावे, आणि प्रत्येक थर काढल्यावर त्याचे पाते पुसून घ्यावे. पांढरे फुटलेले पट्टे आणि चांगला ऊस असलेला भाग यांचे नमुने वेगळे ठेवावेत. या दोन भागांची सरासरी कोणत्याच भागाचे वर्णन करीत नाही, आणि बहुतेक अहवाल नेमके इथेच बिघडतात.

त्याच रानात साधारण दोन मीटर खोल भोक पाडून छिद्रे पाडलेला पीव्हीसी पाइप उभा करावा आणि दुसऱ्या दिवशी पाण्याची पातळी मोजावी. पाणी एक-दीड मीटरच्या आत असेल, तर निचऱ्याशिवाय कोणताही उपाय टिकणार नाही.

पाण्याचे नमुने विहिरीतून, रानातला चर ओढ्याला मिळतो तिथून आणि नदीत ओढ्याच्या मुखाच्या वरच्या व खालच्या बाजूने घ्यावेत. विहिरीचा पंप आधी थोडा वेळ चालू ठेवावा, बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळावी आणि नायट्रेटसाठीचा नमुना गारव्यात ठेवून चोवीस तासांच्या आत पोचवावा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. विहिरीचे पाणी घरातही वापरत असाल, तर हा आकडा सर्वांत आधी पाहावा.

अहवाल हाती आल्यावर विद्युत वाहकता, म्हणजे क्षार किती आहेत हे दाखवणारा आकडा, कोणत्या पद्धतीने मोजली आहे ते विचारावे. पुस्तकातली 4 (डेसिसिमेन्स प्रति मीटर) ही मर्यादा संपृक्त, म्हणजे पाण्याने पूर्ण भिजवलेल्या, मातीच्या अर्काची आहे, तर आपल्याकडच्या पुष्कळ प्रयोगशाळा एक भाग मातीला अडीच भाग पाणी घेऊन मोजतात आणि तो आकडा बराच कमी येतो. तेव्हा 4 च्या आत आहे म्हणून निर्धास्त राहू नये. वाहकता जास्त, सामू (पीएच) 8.5 च्या आत आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे मातीच्या कणांना चिकटलेले सोडियम, 15 टक्क्यांहून कमी असेल, तर जमीन क्षारयुक्त आहे. तिला जिप्सम नको, निचरा करून गोड्या पाण्याने क्षार धुऊन काढणे पुरे. सोडियम 15 टक्क्यांवर आणि सामू 8.5 च्या वर गेला असेल, तर ती चोपण आहे. ती ओली असताना साबणासारखी बुळबुळीत लागते आणि वाळल्यावर दगडासारखी घट्ट होते. काळ्या मातीत सोडियमचा त्रास 15 टक्क्यांच्या कितीतरी आधीच जाणवतो. जिप्सम चोपण जमिनीलाच लागते. त्यातले कॅल्शियम सोडियमला मातीच्या कणांवरून हटवते खरे, पण सुटलेले सोडियम बाहेर जायला चर किंवा सच्छिद्र पाइप नसेल, तर ते तिथेच राहते. म्हणून आधी निचरा, मग जिप्सम. दुकानदार उलटा क्रम सांगेल, त्याचे ऐकू नये. मात्रा किती, हे अहवाल दाखवून कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात विचारावे. निचऱ्याचे पाणी ज्या ओढ्यात सोडणार, त्याच्या खालच्या अंगाला कोणाची विहीर किंवा उपसा आहे, हे चर खणण्यापूर्वी पाहून ठेवावे, कारण त्या पाण्यात आपल्या रानातले क्षार आणि नायट्रेट दोन्ही असतात.