स्पॅम मेल कमी होत नाहीत? या चुका टाळा

रोज सकाळी नको ते मेल उडवायचे आणि दुसऱ्या दिवशी तेवढेच पुन्हा हजर, ही तक्रार ऑफिसातही ऐकू येते आणि घरीही. दर वेळी दोष फिल्टरचाच असतो असं नाही. आपणच कधीतरी पत्ता दिलेल्या कंपनीची जाहिरात वेगळी, कुठून तरी पत्ता मिळवून पाठवलेला कचरा वेगळा आणि पासवर्ड किंवा पैसे काढून घ्यायला टाकलेला गळ वेगळा. आपण तिन्हींना स्पॅम म्हणतो आणि तिन्हींवर एकच उपाय करतो. घोळ तिथेच होतो.

नुसतं डिलीट करणं

मेल डोळ्यांआड होतो, पण फिल्टरला काही कळत नाही. 'रिपोर्ट स्पॅम' दाबलं तर तो कुठल्या सर्व्हरवरून आला, त्यातल्या लिंक कुठे जातात, मजकुराची धाटणी काय, याची दखल फिल्टरला घेता येते. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची: चांगला मेल स्पॅममध्ये अडकला असेल तर 'नॉट स्पॅम' दाबूनच बाहेर काढा. जीमेल स्पॅम फोल्डरमधले मेल ३० दिवसांनी कायमचे काढून टाकतं. म्हणून आठवड्यातून एकदा तरी तिथे नजर टाकावी, विशेषतः मुलाखतीच्या पत्राची किंवा एखाद्या नव्या ग्राहकाच्या उत्तराची वाट बघत असाल तर.

कॉम्प्युटरवर मेल वाचायचा थंडरबर्ड हा प्रोग्रॅम वापरणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. त्याचा जंक फिल्टर जे शिकतो ते त्या एका कॉम्प्युटरपुरतं. 'लॅपटॉपवर दिसत नाही, फोनवर मात्र सगळं येतं' यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

अनसबस्क्राइब सरसकट दाबणं, किंवा कधीच न दाबणं

दोन्ही चुकाच. ओळखीच्या कंपनीची जाहिरात असेल तर बिनधास्त दाबा. जीमेल खात्यांवर दिवसाला ५,००० किंवा जास्त मेल पाठवणाऱ्यांनी जाहिरातींच्या मेलमध्ये एका क्लिकवर बाहेर पडण्याची सोय द्यायची आणि ती विनंती दोन दिवसांत पाळायची, असा नियम गूगलने २०२४ मध्ये लागू केला. शक्यतो मेलच्या वर, पाठवणाऱ्याच्या नावाजवळ दिसणारं बटण वापरा. मेलच्या तळाशी बारीक अक्षरातली लिंक शोधत बसू नका.

पाठवणारा कोण हेच माहीत नसेल तर मात्र अनसबस्क्राइबला हात लावू नका. तो क्लिक म्हणजे 'हा पत्ता चालू आहे' अशी पोचपावती. आणि बाहेर पडण्यासाठी पासवर्ड मागणारं पान उघडलं तर ते तिथल्या तिथे बंद करा.

आपण स्वतः घेतलेल्या न्यूजलेटरला कंटाळून स्पॅम ठरवण्याचीही सवय असते. मग त्याच कंपनीची बिलं आणि पावत्याही स्पॅममध्ये जायला लागल्या की शोधाशोध होते.

ब्लॉक करण्यावर विसंबणं

खऱ्या स्पॅमवाल्याचा 'फ्रॉम'मधला पत्ता बहुधा खोटा किंवा एकदाच वापरायचा असतो. तुम्ही शंभर पत्ते ब्लॉक करा, एकशे एकावा तयार असतो. कधी कधी तिथे चक्क तुमचाच पत्ता दिसतो, किंवा तुम्ही न पाठवलेल्या मेलचे बाउन्स, म्हणजे 'मेल पोचला नाही' असे निरोप, येऊ लागतात. लगेच खातं हॅक झालं असं समजू नका. सेंट फोल्डर आणि लॉगिनची नोंद तपासा. तिथे काही वावगं नसेल तर कुणीतरी फक्त तुमचा पत्ता लावून मेल सोडतोय.

जीमेलमध्ये 'शो ओरिजिनल' उघडलं की एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्कचे निकाल दिसतात. मेल खरंच त्या डोमेनवरून, म्हणजे पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावावरून, आलाय का हे पाहणाऱ्या या तपासण्या. 'फेल' दिसलं तर सावध व्हा, पण 'पास' दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. डोमेन विकत घेऊन या तिन्हीची नीट मांडणी भामट्यालाही करता येते.

ऑफिसचा मेल सांभाळणाऱ्यांकडून होणारी एक मोठी चूक इथेच सांगतो: 'आपले मेल अडकू नयेत' म्हणून स्वतःचंच डोमेन सेफ लिस्टमध्ये टाकणं. मग साहेबांच्या नावाने आलेला बनावट मेलही तपासणीशिवाय थेट आत येतो. ती नोंद आजच काढा.

अचानक पूर आला की सगळं पुसणं

तासाभरात शेकडो मेल: 'स्वागत आहे', 'सबस्क्रिप्शन कन्फर्म करा', निम्मे तर न कळणाऱ्या भाषांत. कुणीतरी तुमचा पत्ता असंख्य साइट्सच्या फॉर्ममध्ये भरलेला असतो. वैतागून 'सिलेक्ट ऑल' आणि डिलीट केलं की त्याचं काम फत्ते. कारण या गर्दीत बरेचदा एखादा खरा मेल लपवायचा असतो: बँकेचा व्यवहार झाल्याचा, पासवर्ड बदलल्याचा, तुमच्या खात्यावरून कुणी महागडी ऑर्डर दिल्याचा. त्यामुळे काहीही पुसू नका. बँकेचं नाव, 'ऑर्डर', 'पासवर्ड' असे शब्द टाकून शोधा. मग बँक आणि खरेदीच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करून लॉगिन करा, व्यवहार बघा, पासवर्ड बदला, टू-स्टेप (पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी) सुरू करा.

ऑफिसात याला दुसरा अंक असतो. पूर सुरू असतानाच फोन येतो: 'आयटीमधून बोलतोय, तुमचे स्पॅम थांबवून देतो, जरा स्क्रीनचा ताबा द्या.' दुसऱ्याला दुरून स्क्रीनचा ताबा देणाऱ्या, विंडोजमधल्या क्विक असिस्टचा असा गैरवापर होत असल्याचा इशारा मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये दिला होता. फोन ठेवा आणि आयटीच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः फोन करा.

किरकोळ वाटणाऱ्या चुका

शब्दांवरून नियम बनवताना 'डिलीट' निवडू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये पाठवा. 'ऑफर' शब्दाचे मेल उडवणाऱ्याचं नोकरीचं ऑफर लेटरही उडतं.

सगळीकडे एकच पत्ता देऊ नका. जीमेलमध्ये नावापुढे अधिकचं चिन्ह आणि साइटचं नाव जोडलं तरी मेल तुम्हालाच येतो, आणि पत्ता कुणाकडून फुटला हे समजतं. काही साइट्स ते चिन्ह स्वीकारत नाहीत. तिथे खरा पत्ता लपवून मेल तुमच्याकडे वळवणारा वेगळा पत्ता देणारं ॲपलचं 'हाइड माय ईमेल' किंवा 'फायरफॉक्स रिले' उपयोगी पडतं.

कॅलेंडरमध्ये घुसलेल्या फालतू निमंत्रणाला 'नो' म्हणू नका, कारण ते उत्तर पाठवणाऱ्याकडे जाऊ शकतं. ते स्पॅम म्हणून कळवा आणि सेटिंगमध्ये फक्त ओळखीच्यांचीच निमंत्रणं आपोआप दिसतील असं करा. रजेवर जाताना लावलेला ऑटो रिप्लायही असाच: तो शक्यतो ऑफिसातल्या आणि कॉन्टॅक्टमधल्या लोकांपुरता ठेवा, आणि बाहेरच्यांना उत्तर द्यावंच लागत असेल तर त्यात मोबाइल नंबर टाकू नका.