नव्या गेम-डाउनलोड प्लॅटफॉर्मची पारख कशी करावी

संगणकावर गेम विकत घेऊन डाउनलोड करण्यासाठी एखादा नवा प्लॅटफॉर्म वापरून पाहायचा असेल, तर पहिला आठवडा केवळ पारखीसाठी राखून ठेवावा आणि त्या काळात मोठी खरेदी करू नये, असा माझा आग्रह आहे. पूर्वी गेमची सीडी कपाटात राहत असे. आता बहुतेक ठिकाणी आपल्या पदरात पडतो तो गेम वापरण्याचा परवाना, आणि तो आपल्या खात्याशी बांधलेला असतो. अशा प्लॅटफॉर्मपैकी स्टीम 2003 साली, जीओजी 2008 साली आणि एपिक गेम्स स्टोअर 2018 साली सुरू झाले. या तिघांचे नियम माहीत असले की नव्याची तुलना करणे सोपे जाते.

इन्स्टॉलर, म्हणजे प्लॅटफॉर्म संगणकावर बसवणारी फाइल, नेहमी अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावा. शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारा दुवा अनेकदा जाहिरातीचा असतो, त्यामुळे पत्ता स्वतः टाइप करणे बरे. विंडोजवर फाइल उतरल्यावर ती लगेच चालवू नये. तिच्यावर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडावे आणि डिजिटल सिग्नेचर्स या टॅबमध्ये त्याच कंपनीचे नाव आहे का ते पाहावे. टॅबच नसेल किंवा भलतेच नाव असेल, तर फाइल काढून टाकावी. खात्याला दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड द्यावा, दुहेरी पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक कोड मागण्याची सोय) सुरू करावी आणि मिळालेले रिकव्हरी कोड वहीत लिहून ठेवावेत.

यानंतर एखादा मोफत, पण फार लहान नसलेला गेम निवडून डाउनलोडची परीक्षा घ्यावी. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात आणि गेमचा आकार गिगाबाइटमध्ये असतो आणि आठ बिट मिळून एक बाइट होतो, म्हणून वेगाला आठाने भागावे लागते: 40 एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला साधारण 5 मेगाबाइट उतरतात आणि 50 जीबीच्या गेमला पावणेतीन तासांहून अधिक वेळ लागतो. सोलापुरात, विशेषतः उन्हाळ्यात, तेवढ्या वेळात वीज जाणारच नाही असे गृहीत धरता येत नाही. जुळे सोलापुरातील आमच्या घरी एका मे महिन्यात 48 जीबीपैकी 41 जीबी उतरल्यावर वीज गेली, आणि ती परत आल्यावर त्या प्लॅटफॉर्मने पहिल्या बाइटपासून सुरुवात केली. महिन्याचा बराचसा डेटा त्यात वाया गेला आणि मला फार वाईट वाटले. म्हणून आता मी निम्मे डाउनलोड झाल्यावर मुद्दाम राउटर बंद करतो, संगणक रीस्टार्ट करतो आणि काम जिथे थांबले तिथूनच पुढे सरकते का ते पाहतो. ही एक चाचणी कुणीही टाळू नये.

वीज गेल्यावर लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण इन्व्हर्टरला न जोडलेला राउटर बंद पडतो. अशा वेळी एकट्याने खेळण्याचा गेम तरी इंटरनेटशिवाय उघडला पाहिजे. स्टीममध्ये त्यासाठी ऑफलाइन मोड आहे. जीओजी तर गेमचे स्वतंत्र इन्स्टॉलरच देते, जे हार्ड डिस्कवर जपून ठेवता येतात. नव्या प्लॅटफॉर्मवर यांपैकी काय मिळते, हे वाय-फाय बंद करून स्वतः तपासावे. त्याच बैठकीत थोडे खेळून गेम सेव्ह करावा, सेव्ह फाइलची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी, मग गेम अनइन्स्टॉल करून पुन्हा इन्स्टॉल करावा आणि आपली प्रगती परत येते का ते पाहावे.

पैशांचा भाग सर्वांत शेवटी यावा. किंमत रुपयांत आहे की डॉलरमध्ये, हे आधी पाहावे. डॉलरमध्ये असल्यास बँक चलन बदलण्याचे शुल्कही लावू शकते. त्यानंतर रिफंडचा नियम शब्दशः वाचावा. स्टीमवर सर्वसाधारणपणे खरेदीपासून 14 दिवसांत आणि 2 तासांपेक्षा कमी खेळले असल्यास पैसे परत मागता येतात. जीओजी 30 दिवसांची मुदत देते. नव्या प्लॅटफॉर्मवर एखादा स्वस्त गेम घ्यावा, थोडा वेळ खेळावा आणि तो पसंत पडला नाही, तर रिफंडची मागणी करून ती वाट प्रत्यक्ष अनुभवावी. पैसे ज्या बँक खात्यातून गेले तिथेच परत येतात की केवळ प्लॅटफॉर्मच्या वॉलेटमध्ये अडकून राहतात, हा फरक फार मोलाचा आहे. रिफंड मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणी तो मागितला, तर ती फसवणूक समजावी, आणि पैसे गेलेच असतील तर विलंब न लावता 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.

एवढे झाल्यावर, खाते कायमचे बंद करण्याची सोय सेटिंग्जमध्ये कुठे आहे तेवढे शोधून ठेवावे. ती सापडली आणि वरच्या चाचण्याही पार पडल्या, की मनातल्या मोठ्या गेमसाठी पैसे भरायला हरकत नाही.